कॅरो-कानमधला अडकलेला उंट आणि घाईने ढकललेले प्यादे

प्रश्न : मी काळ्या सोंगट्यांनी कॅरो-कान बचाव (१. ई४ सी६) खेळतो. पांढऱ्याने तिसऱ्या चालीला ई५ ढकलले की मी उंट एफ५ वर काढतो. मग त्याची एच आणि जी प्यादी अंगावर येतात आणि उंट जातो. उंट बाहेर काढणेच चुकते का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : उंट काढता ते बरोबरच आहे. फ्रेंच बचावात हाच उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडला जातो. तो मोकळा राहावा म्हणून तर आपण आधी सी६ खेळतो. चूक पुढच्या चालीत आहे. १. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. ई५ उंट एफ५ ४. एच४. इथे सवयीने ई६ खेळलात की संपले. ५. जी४ उंट ई४ ६. एफ३ उंट जी६ ७. एच५, आणि उंटाला जायला जागाच नाही, कारण मागे एच७ वर आपलेच प्यादे बसलेले असते.

म्हणून ४. एच४ ला तिथल्या तिथे एच५ खेळा. त्याची किंमत म्हणजे जी५ घर कायमचे कच्चे होते. पांढऱ्याने ५. उंट जी५ खेळले तर वजीर बी६ वर न्या; तो उंट सी१ वरून हलल्यामुळे बी२ चे प्यादे उघडे पडलेले असते. ५. उंट डी३ आला तर उंटांची मारामारी करून टाका, मग ई६ आणि सी५. मोकळ्या झालेल्या एफ५ वर ई७ मार्गे घोडा आणा. एच५ वर प्यादे असल्याने त्याला जी४ ने हुसकावणे सोपे नसते.

जाता जाता याच ओपनिंगमधला एक सापळा : ३. घोडा सी३ डी×ई४ ४. घोडा×ई४ घोडा डी७ ५. वजीर ई२. आता राजाकडचा घोडा एफ६ वर काढलात तर ६. घोडा डी६ मात! ई७ चे प्यादे वजिरामुळे बांधलेले असते, हलले तर राजाला शह बसतो, म्हणून ते मारू शकत नाही. आधी ई६ खेळा.

प्रश्न : मुलीला स्पर्धेत काळ्याकडून खेळताना एक पास्ड प्यादे (ज्याची वाट समोरची प्यादी अडवू शकत नाहीत असे) जास्त मिळते, तरी शेवट बरोबरीत सुटतो. काय शिकवावे?
– एक पालक, महाल, नागपूर

उत्तर : तिला प्यादे ढकलण्याची घाई होत असावी. पटावर मांडून बघा : काळा राजा ई४, काळे प्यादे ई६, पांढरा राजा ई२, चाल काळ्याची. आता ई५! प्याद्याची ही एक चाल राखून ठेवली होती म्हणून पांढऱ्या राजाला बाजूला व्हावेच लागते. तो डी२ वर गेला तर आपला राजा एफ३ वर, तो एफ२ वर गेला तर आपला डी३ वर, आणि प्यादे वजीर होते. आता तेच प्यादे आधीच ई५ वर असेल आणि चाल काळ्याची असेल, तर राखीव चालच उरत नाही, बरोबरी. फरक एका घराचा. राजा पुढे, प्यादे मागे, हे तिच्या हाताला लागले पाहिजे.

प्यादे ए किंवा एच ओळीवरचे असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. पांढरा राजा ए१ किंवा एच१ च्या कोपऱ्यात पोचला की सुटला. अशा वेळी शेवटची मारामारी करण्याआधी त्याचा राजा किती चालींवर आहे ते मोजायला सांगा.

हत्ती शिल्लक असतील तर आपला हत्ती प्याद्याच्या मागे ठेवावा. प्यादे जसे पुढे सरकते तशी त्याला जागा वाढते, आणि समोर अडवून उभा असलेल्या हत्तीची कमी होते.

शेवटी पूल बांधणे, म्हणजे आपला हत्ती मध्ये घालून राजावरचे शह अडवणे. काळा राजा डी१, प्यादे डी२, हत्ती एफ८. पांढरा राजा जी२, हत्ती सी७. थेट राजा बाहेर काढला तर शह थांबत नाहीत. आधी हत्ती एफ५. समजा पांढऱ्याने हत्ती सी८ खेळले. राजा ई२, हत्ती ई८ शह, राजा डी३, हत्ती डी८ शह, राजा ई३, हत्ती ई८ शह, राजा डी४, हत्ती डी८ शह, आणि आता हत्ती डी५ मध्ये घालायचा.

जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीविरुद्धचा निर्णायक जलद डाव काळ्या सोंगट्यांनीच जिंकला, हेही मुलीला जरूर सांगा. वरच्या दोन्ही मांडण्यांत तुम्ही पांढरे घ्या, ती काळे घेईल. घड्याळावर दोन-दोन मिनिटे लावून रोज पाच वेळा खेळा. पांढऱ्या राजाची जागा मधूनमधून एका घराने बदला, नाहीतर ती चाली पाठ करील.