टीबीच्या गोळ्या सरकार फुकट देतं, मग दवाखान्यात भरती केलेले पेशंट का दगावतात?

तुम्ही लिहिलंय की मामांना टीबी म्हणून सांगलीत भरती केलंय, पायांवर सूज आहे, आणि घरचे म्हणतात, "तिथं ठेवला तर हातचा जाईल, घरी आणा." हे वाक्य मी आमच्याच घरात ऐकलंय, म्हणून लिहायला बसले. मामांना घरी आणू नका.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढं. थोरले भाऊजी गलाईवाले, तामिळनाडूत दुकान. आमच्याकडची कितीतरी घरं अशीच सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली, यात्रेला तेवढी गावात येतात. त्या साली भाऊजी यात्रेला आले तेव्हा अंगात शर्ट राहत नव्हता. खोकला दिवाळीपासूनचा. ॲसिडच्या धुरानं होतोय म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेलं. तिथल्या डॉक्टरनं आधी खोकल्याचं औषध दिलं, मग ताकदीचं सलाईन, मग लेव्होफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक. ही गोळी टीबीलाही थोडे दिवस दाबते, त्यामुळं माणसाला बरं वाटतं आणि निदान आणखी लांबतं. बेडका मात्र कुणी तपासला नाही. गावी आल्यावर चुलत सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या तात्यांनी, काढा सुरू केला. जाऊबाई दवाखान्यात चला म्हणत होत्या, पण तात्यांपुढं कोण बोलणार?

शेवटी नेलं तेव्हा दोघांनी धरल्याशिवाय भाऊजींना उभं राहता येत नव्हतं. पाय सुजलेले, ऑक्सिजन कमी, साखर तीनशेच्या वर. शुगर आहे हेसुद्धा त्याच दिवशी कळलं. सीबीनॅटमध्ये, म्हणजे बेडक्याच्या मशीनवरच्या तपासणीत, टीबी निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी लघवी तांबडी झाली. ती बघून तात्या वॉर्डातच ओरडले, "रक्त उतरलं! गोळ्यांनी आतनं जाळला पोराला!" टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधानं लघवीचा रंग असा होतोच, सिस्टर समजावत होत्या. त्याच आठवड्यात भाऊजी गेले. तेराव्याच्या जेवणापासून परवाच्या लग्नाच्या पंगतीपर्यंत तात्यांचं एकच चालू आहे: गोळ्या उष्ण पडल्या, दवाखान्यानं मारला.

तर तात्यांना आणि तुमच्या घरच्यांना एकदमच सांगते. टीबीचे बरेचसे मृत्यू उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत होतात, त्यातही सुरुवातीच्या आठवड्यांत जास्त. गोळी जंतू मारते, पण तोवर खाल्लेलं फुप्फुस आणि झडलेलं अंग आठवड्यात भरून येत नाही. भरती होणारा पेशंट मुळात उशिरा आलेला आणि जास्त आजारी असतो, म्हणून मरणं वॉर्डात दिसतात.

सगळ्यात मोठा धोका वजन फार घटल्याचा. भाऊजी ज्या राज्यात राहिले त्याच तामिळनाडूनं २०२२ पासून सरकारी दवाखान्यात टीबी निघालेल्या मोठ्या माणसांची सुरुवातीलाच छाननी सुरू केली. बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा) १४ किंवा त्याहून कमी, किंवा १६ च्या आत असून पायांवर सूज, श्वास मिनिटाला २४ च्या वर, ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, आधाराशिवाय उभं न राहता येणं, यातलं काहीही दिसलं की भरती करायचं. भाऊजींच्या अंगावर यातल्या बऱ्याच खुणा घरी असतानाच होत्या आणि आम्ही त्यांना शिरा खाऊ घालत होतो. झारखंडात २०१९ ते २०२२ मध्ये पेशंटना शिधा देऊन अभ्यास झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका साधारण ६० टक्क्यांनी कमी दिसला. म्हणून मामांचं वजन दर आठवड्याला करायला लावा आणि लिहून ठेवा.

बाकीची कारणं तुम्हाला डॉक्टर सांगतीलच: एचआयव्ही, शुगर, मेंदूचा टीबी, औषधांना दाद न देणारा टीबी, दारूनं गेलेलं लिव्हर, वय. एचआयव्ही आणि साखर तपासली का, रिफाम्पिसिन लागू पडतं का, हे तोंडानं विचारा. विचारायला लाजू नका, लाजण्यात आमचे महिने गेले. मामांचं नेमकं काय होईल हे रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

एक राहिलंच. फार खंगलेल्या माणसाला एकदम तूप-मटण चारू नका. रक्तातले क्षार बिघडून जीव धोक्यात येतो, खाणं डॉक्टर सांगतील तसं हळूहळू वाढवायचं. आणि गोळ्यांचा लिव्हरला त्रास होऊ शकतो, हे खरं आहे. डोळे पिवळे दिसले, सारख्या उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. गोळ्या कधी थांबवायच्या, कधी बदलायच्या हे ते ठरवतील, घरातलं वडीलधारं माणूस नाही.

टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतनं महिन्याला १००० रुपये मिळतात, त्यासाठी बँक खातं नोंदवून घ्या. मामांच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहान मुलांची आधी. आमच्याकडं पोरांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, त्यालाही तात्या आडवे आले होते. या वेळी जाऊबाई ऐकल्या नाहीत. पोरांनी कोर्स पूर्ण केला, दोघं ठणठणीत आहेत.