८ इंची डॉबसोनियन दुर्बिणीतून पुण्यात एनजीसी १३६५ या दीर्घिकेचा दांडा (गाभ्यातून आरपार जाणारा ताऱ्यांचा सरळ पट्टा) दिसेल का?

शहरातून नाही. मधला गाभा अंधुक ठिपक्यासारखा सापडला तरी पुष्कळ. एकूण प्रत (तेजस्वितेचा आकडा) साधारण ९.५ असली तरी तो प्रकाश ११ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पट्ट्यात पसरलेला आहे, त्यामुळे आकाशाचा उजेड दांडा आधी गिळतो. भोर-वेल्ह्याकडे जा, म्हणजे पुण्याचा झगमगाट उत्तरेला, पाठीशी राहील.

डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास ही दीर्घिका दक्षिणेला सर्वांत वर असते, पण तेव्हाही क्षितिजापासून जेमतेम ३५ अंश. समोर डोंगर नको. अश्मंत तारकासमूहातल्या काय-२ (χ²) ताऱ्यापासून १.३ अंश पूर्व-आग्नेयेला शोधा. आधी २५ मिमी आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) लावा, सापडल्यावर १२ मिमी. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून अर्धा तास मोबाइल बंद, आणि नजर गाभ्यावर न रोखता किंचित बाजूला ठेवा: पूर्व-पश्चिम लांबट पट्टा उमटतो, तोच दांडा. टोकांपासून वळणारे बाहू ८ इंचीत फारच पुसट, तिथे १० इंचीचा फरक खरोखर जाणवतो.

यूएचसी फिल्टरवर (ठरावीक रंगांचाच प्रकाश आत सोडणारी काच) पैसे घालवू नका. दीर्घिकेचा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत पसरलेला. फिल्टर तोही कापतो. सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरून आलेला हा प्रकाश आहे, तो पुरेपूर डोळ्यात येऊ द्या.