व्ही गळ्याचे टाके कमी करताना एक कड साफ आणि दुसरी खडबडीत का येते?

तुम्ही लिहिलंय की व्ही गळ्याच्या दोन्ही बाजूंना 'दोन टाके एकत्र सुलट' असंच विणून टाके कमी केलेत, तरी एक कड रेघेसारखी आली आणि दुसरीवर पायऱ्या दिसतात. तुमच्या हाताच्या सैल-घट्टपणाचा यात काही संबंध नाही. घटवलेला टाका कुठल्या बाजूला कलतो, त्यावर हे ठरतं.

दोन टाके एकत्र विणले की एक वर दिसतो, दुसरा त्याच्या मागे जातो. एकत्र सुलट विणताना सुई आधी डावीकडच्या टाक्यात शिरते, म्हणून तो उजवीकडच्या टाक्यावर चढतो आणि जोडी उजवीकडे कलते. सुलट बाजू समोर धरून बघा. गळ्याच्या दोन बाजूंपैकी ज्या भागात गळा ओळीच्या शेवटी येतो, तिथे गळ्याची कडही वर जाताना उजवीकडेच सरकते, त्यामुळे टाका कडेला समांतर बसतो. दुसऱ्या भागात गळा ओळीच्या सुरुवातीला येतो आणि कड डावीकडे जाते. तिथे उजवीकडे कललेला टाका कडेला आडवा येतो. त्याच तुमच्या पायऱ्या.

म्हणून ओळीच्या सुरुवातीला डावीकडे कलणारी घट हवी. सुलट विणायला घालतो तशी सुई घालून एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या. पुढचाही तसाच घ्या, पण वेगळा. दोन्ही एकदम उचलायचे नाहीत. आता डाव्या सुईचं टोक या दोन्ही टाक्यांत समोरून घाला, उजवी सुई मागे राहील. तिच्यावर लोकर घेऊन दोन्ही एकत्र विणा. इंग्रजी पॅटर्नमध्ये 'एसएसके' लिहितात ते हेच. एक टाका न विणता घेऊन, पुढचा विणून, पहिला त्याच्यावरून उतरवण्याची जुनी रीतही डावीकडेच कलते. पण उतरवताना तो टाका ओढला जाऊन मोठा दिसतो, म्हणून मला पहिली रीत जास्त आवडते.

घट अगदी कडेच्या टाक्यावर करू नका. कडेचा एक टाका साधा सुलट ठेवून त्याच्या आत करा. पुढे गळ्याच्या पट्टीसाठी टाके उचलताना याचा फार फायदा होतो, कारण उचलायला सरळ रांग मिळते.

आता हिशोब. समजा 10 सेंमीत 22 टाके आणि 30 ओळी बसतात. गळा 24 टाके रुंद आणि 12 सेंमी खोल हवा असेल, तर 36 ओळींत प्रत्येक बाजूचे 12 टाके घटवायचे. आधी एक ओळ सोडून एक असे 6 वेळा (12 ओळी), मग दर चौथ्या ओळीला 6 वेळा (24 ओळी). सगळ्या घटी सुलट बाजूच्याच ओळीत येतात, उलट ओळ निवांत विणायची. खालचं टोक थोडं उघडं राहतं आणि खांद्याकडे कड उभी होत जाते. लहान मुलांना असा गळा छान बसतो.

मुंढ्याला आणि रॅग्लन बाहीलाही (गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी जोडलेली बाही) हाच नियम: सुरुवातीला डावी घट, शेवटी उजवी. तुमचा बिघडलेला भाग गळा सुरू होतो तिथपर्यंतच उसवा. खालचं अंग जसंच्या तसं राहू दे.