उत्तरेला तांबडं फुटलं

फोंड्याच्या एका वहिनींचा प्रश्न आहे. त्यांचा मुलगा इंग्लंडात स्विंडनला असतो (अर्धा गोवा आता तिथेच भेटतो म्हणा). १० मे २०२४ च्या रात्री त्याने परसातून काढलेला फोटो पाठवला : कपडे वाळत घालायची दोरी, शेजाऱ्याचं धुराडं आणि वर गुलाबी-तांबडं आभाळ. वहिनींनी नातेवाइकांना सांगताना 'अरुणप्रकाश' म्हटलं. ध्रुवांकडच्या आभाळात रात्री दिसणाऱ्या या रंगीत उजेडाला इंग्रजीत 'अरोरा' किंवा 'नॉर्दर्न लाइट्स' म्हणतात, आणि 'अरोरा' म्हणजे आपला अरुणच, असा वहिनींचा समज. लेकीने टोकलं, 'ध्रुवीय प्रकाश म्हण.' वहिनी विचारतात, स्विंडन काय ध्रुवावर आहे?

आधी अरुणाचा निकाल लावू. कानाला सारखे वाटले तरी हे दोन शब्द एका घरचे नव्हेत. लॅटिन अरोरा ही पहाटेची देवी, आणि तिची सख्खी बहीण आपल्याकडची उषा. जुन्या लॅटिनमध्ये तिच्या नावात मधे 'स'च होता. पण दोन स्वरांच्या कचाट्यात सापडलेल्या 'स'चा त्या भाषेत 'र' होऊन बसला. अरुण मुळात तांबूस रंगाचा शब्द, सूर्याचा सारथी तो नंतर झाला. म्हणजे अर्थाने शेजारी, पण रक्ताचं नातं नाही.

'ध्रुवीय प्रकाश' हा पुस्तकी असला तरी चोख शब्द. हिंदीवाले 'मेरुज्योती'ही म्हणतात. हा प्रकाश दक्षिण ध्रुवाकडेही दिसतो. वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून जी माणसं अंटार्क्टिकाला 'मैत्री' आणि 'भारती' तळांवर जातात, त्यांनी त्याला 'नॉर्दर्न लाइट्स' कसं म्हणायचं? आणि स्विंडनचं म्हणाल तर, काणकोणातल्या खोल गावची मिरची म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकली म्हणून म्हापशाची होत नाही. विशेषण मूळ गाव सांगतं, बाजार नव्हे. (काटेकोर बोलायचं तर ऐन ध्रुवावर हा प्रकाश मुख्यतः नसतोच, चुंबकीय ध्रुवाभोवती त्याचं कडं असतं, आणि मोठं सौरवादळ (सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांचा लोंढा) आलं की ते कडं खाली सरकतं.)

तरीही वहिनींचं मन पहाटेकडे गेलं, ते मला उगीच वाटत नाही. नॉर्वेत हा प्रकाश बहुधा डोक्यावर हिरवा नाचतो. त्याला पहाट कोण म्हणेल? पहाट म्हटलं ते दक्षिणेतून बघणाऱ्यांनी. हिरवा रंग साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा, तर ऑक्सिजनचा तांबडा दोनशेच्या वरचा. हजार-दोन हजार किलोमीटर खाली उभं राहिलं की हिरवा पृथ्वीच्या गोलाईआड जातो आणि क्षितिजावर उरते ती तांबडी किनार. ऐन रात्री, भलत्याच दिशेला. इटलीत गॅलिलिओने १६१९ साली आणि दक्षिण फ्रान्समध्ये गासेंदी या शास्त्रज्ञाने १६२१ साली त्याला 'उत्तरेची पहाट' म्हटलं ते याचमुळे. त्याही आधी, टायबेरियस या रोमन बादशहाच्या काळात, असाच उजेड बघून रोमजवळच्या ओस्तिया बंदराला आग लागली असं समजून रोमन शिपाई तिकडे धावले होते. तशी हकीकत रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने लिहून ठेवली आहे.

मग मराठीत यासाठी तयार शब्द आहेच की. आई म्हणायची, 'तांबडं फुटायच्या आत पेजेचं आधण चढायला हवं.' कोंकणीतली 'फांतोड' (पहाट) मला कितीही गोड वाटली तरी तिच्यात हा रंग नाही. 'तांबडं फुटलं' यात रंगही आहे आणि अंधार चिरणंही. लेखात 'ध्रुवीय प्रकाश' लिहा, पण लेकाचा फोटो दाखवताना 'मध्यरात्री उत्तरेला तांबडं फुटलं' म्हणा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तेच उभं राहील.

'उत्तरेचे दिवे' मात्र नको. मालिकांच्या खालच्या ओळींत मी ते वाचलं आहे. भाषांतरकाराने दिवे लावले, एवढंच म्हणेन. आणि 'अरोरा' वापरायचाच तर 'दिसली' म्हणा, उषेची बहीण आहे. 'काल अरोरा दिसले' म्हटलं की मला दिल्लीहून आलेले शेजारी आठवतात.

चिठ्ठीच्या तळाशी वहिनींनी आणखी एक विचारलं आहे : आपल्याकडून हे कधी दिसेल का? प्रश्न शब्दाचा नाही, पण सांगतो. त्याच मे महिन्यातल्या वादळात लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आभाळातली तांबूस झाक टिपली. आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात हा उजेड थेट मुंबईतून दिसल्याची नोंद आहे. फोंडा तिथून साडेतीन अंशच खाली. तसं वादळ पुन्हा आलं, आणि तेही पावसाळा सोडून, तर उत्तरेकडे नजर ठेवा. पण हिरव्याची वाट बघू नका.