दप्तर कोण भरतं?

वाचकांचे प्रश्न : सहावी ते आठवीतली मुलं आणि कॉलेजची तयारी

शाळेत मुलाला विचारणारी माणसं खूप असतात. वर्गशिक्षक विचारतात, ट्यूशनचे सर विचारतात, घरी आई विचारते. अकरावीत गेल्यावर हे विचारणं जवळजवळ थांबतं. तास चुकला तर महिन्याच्या शेवटी हजेरीच्या यादीत दिसतं, जर्नल राहिलं तर थेट प्रात्यक्षिकाच्या गुणांत. हा बदल पेलायच्या सवयी लागायला वेळ लागतो आणि तो वेळ सहावी ते आठवीत असतो. नववीपासून बोर्डाची धावपळ सुरू होते. या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे, मार्क चांगले पडतात. पण उठवण्यापासून दप्तर भरण्यापर्यंत आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून गृहपाठ उतरवून घेण्यापर्यंत सगळं मीच करते. पुढे होस्टेलला जावं लागेल. एकदम सोडलं तर मार्कांवर परिणाम होईल, अशी भीती वाटते. सुरुवात कुठून करू?
— एक आई, बार्शी

ताई, एकदम सोडूच नका. एका वेळी एकच काम तिच्या हाती द्या आणि प्रत्येक कामाला तीन आठवडे द्या. क्रम असा ठेवा : आधी दप्तर, मग गजर, मग गृहपाठाची नोंद. दप्तर पहिलं, कारण त्यात चूक झाली तर नुकसान लहान असतं आणि दुसऱ्याच दिवशी कळतं.

दप्तर रात्री जेवणाआधी भरायचं. सकाळच्या घाईत भरलं की काहीतरी राहतंच. कपाटाच्या दाराला आतून वेळापत्रक चिकटवा. भरण्याआधी दप्तर पूर्ण रिकामं करायला सांगा, म्हणजे अगदी पालथं. तळाशी शार्पनरचा भुगा, टोपण हरवलेलं पेन आणि चुरगळलेली एखादी सूचनेची चिठ्ठी निघेल. ‘शाळेने कळवलंच नाही’ असं घरोघरी म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच चिठ्ठ्या तिथे सापडतात. मग उद्याच्या तासिकांप्रमाणे एकेक वही-पुस्तक आत. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत हवं. मुलगी ३८ किलोची असेल तर ३.८ किलो. वजनकाट्यावर तिला एकदा दप्तरासह आणि एकदा दप्तराशिवाय उभी करा, फरक तिलाच काढू द्या.

पहिल्या आठवड्यात शेजारी बसा, हात लावू नका. दुसऱ्या आठवड्यात फक्त ‘दप्तर झालं?’ एवढंच विचारा. तिसऱ्या आठवड्यात तेही विचारू नका.

फिसकटतं ते साधारण दुसऱ्या आठवड्यात. भूगोलाची वही घरी राहते, आईला दहा वाजता टेबलावर दिसते आणि आई स्कूटी काढते. वही पोचवली की मुलीच्या डोक्यात पक्कं होतं की विसरलं तरी चालतं, आई आहे. म्हणून वर्गशिक्षकांना आधीच भेटून सांगा, ‘हा महिना मी विसरलेली वस्तू आणून देणार नाही, तुम्ही जे बोलाल ते तिला ऐकू द्या.’ बहुतेक शिक्षक मनापासून साथ देतात. चष्मा, औषध, डबा आणि परीक्षेचं साहित्य मात्र जरूर पोचवा.

गजराला साधं घड्याळ घ्या, मोबाइल नको. ते पलंगापासून चार पावलं लांब ठेवा, म्हणजे उठल्याशिवाय बंद करता येणार नाही. वेळ झोपेवरून ठरवा. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सहाला उठायचं असेल तर नऊला दिवा बंद व्हायला हवा. गजर ऐकूनही उठत नाही, अशी तक्रार असेल तर दोष सकाळी शोधू नका, रात्री शोधा.

ग्रुपचा प्रश्न जरा वेगळा आहे. गृहपाठ आईच्या फोनवर येतोच, हे मुलांना माहीत असतं. त्यामुळे तासाच्या शेवटच्या पाच मिनिटांत सर काय सांगतात ते ऐकायची त्यांना गरजच उरत नाही. तिला खिशात मावेल अशी छोटी वही द्या आणि तीन रकाने आखायला सांगा : काय करायचं, कधी द्यायचं, किती वेळ लागेल. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘निबंध, शुक्रवार, २० मिनिटं’ असं ती लिहील आणि प्रत्यक्षात ४५ मिनिटं लागतील. तो आकडा शेजारीच लिहायचा. दीड-दोन महिन्यांत अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ जवळ येऊ लागतात. अकरावीत एकाच आठवड्यात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजीची जर्नल तपासायला द्यायची असतात, तेव्हा हाच अंदाज हाताशी असावा लागतो. ग्रुप तुम्ही फक्त शनिवारी बघा. मधे काही निसटलं तर तिने मैत्रिणीला स्वतः फोन करावा.

प्रश्न : सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. मुलं फळ्यावरचं जसंच्या तसं उतरवतात, पण मी बोलते त्यातलं एक अक्षर लिहून घेत नाहीत. नोट्स काढायला या वयात शिकवता येतं का?
— एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

बाई, येतं. पण सुरुवात पेन खाली ठेवून करा. या वयात अनेकांचा हात अजून सरावलेला नसतो. अक्षर काढण्यात लक्ष गेलं की कान बंद होतात. म्हणून सहावीत आधी ऐकायचं आणि नंतर लिहायचं. आठ मिनिटं शिकवा, सगळ्यांचे हात बाकावर. मग तीन मिनिटं आठवेल ते लिहू द्या, पुस्तक बंद. दोन मिनिटं शेजाऱ्याशी ताडून बघू द्या. शेवटी पुस्तक उघडून, राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरू द्या. तो दुसरा रंग बघूनच मुलाला कळतं की आपलं कुठे निसटतं.

वाचण्यापेक्षा आठवून लिहिण्याचा फायदा तपासलेला आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. ‘सगळं येतं’ म्हणणारं मूल आठ दिवसांनी चाचणीत का अडकतं, याचं उत्तर यात आहे. परत परत वाचलं की ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं, असा समज होतो.

सातवीत पानाची आखणी शिकवा. कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५० च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत साध्या फुलस्केप वहीतही चालते. डावीकडून ६ सेंटिमीटरवर उभी रेघ, खालून ५ सेंटिमीटरवर आडवी. उजवीकडच्या मोठ्या जागेत तासाला लिहायचं, तुकड्या-तुकड्यांत, पूर्ण वाक्यं नकोत. डावीकडे त्याच संध्याकाळी त्यावरचे प्रश्न. खाली दोन वाक्यांत सार.

पचनाचा पाठ घ्या. उजवीकडे मूल लिहील : ‘लाळ → टायलिन → पिष्टाची माल्टोज.’ (लाळेतलं टायलिन हे विकर पिष्टाची माल्टोज ही साखर करतं.) डावीकडे त्याच ओळीसमोर : ‘पोळी खूप वेळ चावली की गोड का लागते?’ उजळणी करताना उजवी बाजू हाताने झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर तोंडाने द्यायचं. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, दुसरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तिसरी आठवड्याने. एका पानाला चार मिनिटांहून जास्त लागत नाहीत.

ही पद्धत मोडते ती डाव्या रकान्यापाशी. तो रिकामा राहतो, कारण तो घरी भरायचा असतो. म्हणून वह्या तपासताना फक्त डावा रकाना बघा. चाळीस वह्या एका ऑफ तासात होतात. दुसरा अडथळा सजावटीचा : स्केचपेनच्या चौकटी, फुलं, तीन रंगांची शीर्षकं. वर्गात दोनच पेनं, असा नियम करा. आणि शक्य असेल तर ‘फेअर वही’ बंद करा. रफमधून फेअरमध्ये उतरवण्यात मुलांचे रोजचे अर्धा-पाऊण तास जातात, हात दुखतो आणि डोक्यात काही शिरत नाही. आमचं हे मत ठाम आहे.

प्रश्न : मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीत, मराठी माध्यम. हुशार आहे पण वर्गात तोंड उघडत नाही. कॉलेजात सगळं इंग्रजीत असेल, मग तर गप्पच बसेल. काय करावं?
— एक वडील, उमरगा तालुका

दादा, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्रजीचं आधी. बालभारतीची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं दोन्ही माध्यमांत तीच असतात, तेच पाठ, त्याच आकृत्या. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ फुकट मिळते. मराठी पाठ शाळेत शिकवून झाला की त्याच पाठाची इंग्रजी पानं शेजारी ठेवायची आणि रोज पाच शब्द काढायचे. घनता म्हणजे डेन्सिटी, त्वरण म्हणजे अ‍ॅक्सिलरेशन, विकर म्हणजे एन्झाइम. स्पेलिंग तीनदा लिहायचं आणि शब्द मोठ्याने म्हणायचा. मोठ्याने म्हणणं सोडू नका. मुलांना शब्द दिसला तर कळतो, पण प्राध्यापकांच्या तोंडून ऐकला की ओळखू येत नाही, अडचण तिथेच होते. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ४० आठवड्यांत हजार शब्द होतात. वर्क, पॉवर, सेल हे रोजच्या बोलण्यातले शब्द विज्ञानात वेगळ्या अर्थाने येतात, त्यांची वेगळी यादी करा.

आता गप्प बसण्याचं. ‘विचारत जा रे’ म्हणून मूल विचारत नाही, कारण प्रश्न कसा मांडायचा तेच माहीत नसतं. ‘सर, समजलं नाही’ असं म्हटलं की सर सगळं पहिल्यापासून सांगतात, वर्ग कंटाळतो, मुलगा ओशाळतो. प्रश्नाचे तीन भाग करायला शिकवा : काय समजलं, कुठे अडलं, मी काय करून बघितलं. उदाहरणार्थ, ‘सर, परीघ २πr हे समजलं. चौथ्या उदाहरणात मी १४ ही त्रिज्या धरली, उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या दुप्पट आलं. कुठे चुकलं?’ दिलेला १४ हा व्यास होता, हे सर दोन वाक्यांत सांगतील. कित्येकदा तर प्रश्न असा लिहितानाच मुलाला आपली चूक सापडते. आठवड्याला एक प्रश्न, आदल्या रात्री वहीत लिहिलेला. पहिला महिना तास संपल्यावर सरांपाशी जाऊन, मग वर्गात हात वर करून. घरी मात्र ‘एवढं पण येत नाही का’ हे वाक्य पूर्ण बंद ठेवा.

अजून एक. आठवीतच एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सातवीत ५५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के) आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, अशी अट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. दोन पेपर, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. शिष्यवृत्ती नाही मिळाली तरी मिनिटाला एक प्रश्न सोडवायचा सराव पुढच्या प्रवेश परीक्षांना उपयोगी पडतो. अर्ज भरताना मुलाला शेजारी बसवा, त्यालाच पेन्सिलीने कच्चा अर्ज भरू द्या. तेव्हाच शाळेच्या रजिस्टरमधलं आणि आधार कार्डावरचं नाव, स्पेलिंग आणि जन्मतारीख जुळते का, ते पाहून घ्या. फरक असेल तर शाळेत असतानाच दुरुस्त करा. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर ही दुरुस्ती फार किचकट होते.

प्रश्न : नातू आठवीत आहे. सरांना मेसेज करतो तो ‘होमवर्क काय’ एवढाच. ना नमस्कार, ना नाव. कॉलेजात याला कोण उभं करील? थोडक्यात काय शिकवावं?
— एक आजोबा, चिंचवड

आजोबा, मेसेजचा साचा पाठ करून घ्या. नमस्कार, पूर्ण नाव, इयत्ता-तुकडी-हजेरी क्रमांक, एका वाक्यात काम, शेवटी धन्यवाद. ‘नमस्कार सर. मी आठवी ब मधला, हजेरी क्रमांक २३. तापामुळे काल आलो नाही. गणिताचा सरावसंच कोणता दिला होता, ते वर्गमित्रांकडून कळलं नाही. कृपया सांगाल का? धन्यवाद.’ यात ‘मी’नंतर आपलं पूर्ण नाव घालायला विसरू नये. मित्रांना आधी विचारलं होतं, हेही यात आपोआप येतं, आणि सरांना तेच आवडतं. रात्री आठनंतर पाठवू नये, उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबावं.

कॉलेजात ऑफिसच्या खिडकीवर स्वतः बोलावं लागतं, ते वळण तुम्हीच लावू शकाल. पुढच्या वेळी बँकेत पासबुक भरायला किंवा वीजबिलाच्या चौकशीला जाल तेव्हा त्याला पुढे उभा करा, तुम्ही दोन पावलं मागे. कागद आधीच क्रमाने लावलेले, मूळ प्रत वर, झेरॉक्स खाली, पेन स्वतःचं. पहिलं वाक्य कामाचं : ‘काका, पासबुक भरायचंय, खात्याची शेवटची नोंद मार्चची आहे.’ मधे त्याला शब्द सापडला नाही तर लगेच तुम्ही बोलू नका. पाच-सात सेकंद जड जातात, पण बहुतेक वेळा तो स्वतःच वाक्य पुरं करतो.