‘हाफू’ला मराठीत काय म्हणायचं?

शहापुरातल्या, म्हणजे आपल्या बेळगावच्या शहापुरातल्या एका काकूंचं पत्र आलंय. मुलगा जपानात कोबेला, सून तिथलीच, नात सात वर्षांची. जेवायला बसली की हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणते आणि मग वरणभातावर तूप मागते. तिकडं शाळेत तिला ‘हाफू’, म्हणजे अर्धी जपानी, म्हणतात. इकडं घराण्याचा कुलवृत्तान्त नव्यानं छापायचा आहे आणि त्याच्या मसुद्यात नातीच्या नावापुढं ‘संकरित अपत्य’ असं आलंय. मुलगा फोनवर भडकला. संपादक म्हणतात, “शुद्ध मराठी शब्द आहे की, रागवायचं काय त्यात?” काकूंचा प्रश्न एवढाच, की मग बरोबर शब्द कोणता?

काकू, शब्द शुद्धच आहे, पण तो नांदतो कुठं ते बघा. ‘संकरित’ हा शब्द आपण वाचतो बियाण्याच्या पिशवीवर आणि ऐकतो गोठ्यात: संकरित ज्वारी, संकरित गाय. पोथीकडं वळलात तर गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन वर्णसंकराच्या भीतीनं ‘संकरो नरकायैव’ म्हणतो. एकीकडं गोठा, दुसरीकडं नरक. सात वर्षांच्या पोरीला या दोन्हींत कशाला ढकलायचं?

या शब्दाचा एक सुरेख अर्थ आहे, पण तो अलंकारशास्त्रात अडकून पडलाय. एका श्लोकात दोन अलंकार तीळ-तांदळासारखे एकत्र आले, म्हणजे मिसळूनही वेगळे निवडता आले, तर ती ‘संसृष्टी’. दूध-पाण्यासारखे एकजीव झाले तर तो ‘संकर’. तुमच्या नातीचं ‘इतादाकिमास’ आणि तूप तीळ-तांदूळ आहे की दूध-पाणी, हे ठरवायला मला आवडेल. पण कुलवृत्तान्त काव्यशास्त्रकार मम्मटाचे विद्यार्थी वाचणार नाहीत, तुमचे भाचे-पुतणे वाचणार. (तूपही काही निव्वळ आपलं नव्हे. कन्नडातलं ‘तुप्प’ आणि आपलं ‘तूप’ एकच.)

बाकीचे शब्द याहून वाईट. ‘भेसळ’ दुधातली. ‘धेडगुजरी’ आपण भाषेबद्दल सहज बोलून जातो, पण त्याच्या पोटात जातीवरून दिलेली शिवी आहे, तो माणसाला तर नकोच, भाषेलाही नको. कन्नडातला ‘बेरके’ बिचारा साधा, मिसळण या अर्थाचा. चार पालेभाज्या एकत्र केल्या की ‘बेरके सोप्पू’. माणसाला लावला की मात्र त्याचाही टोमणा होतो, आणि मराठी कानाला तो वर ‘बेरकी’ ऐकू येतो.

आता ‘हाफू’. हा इंग्रजी ‘हाफ’चा जपानी उच्चार. जगभर या माणसांसाठी जे शब्द झाले त्यांत हा ‘अर्धा’ फार दिसतो. हवाई बेटांवरचा ‘हापा’ हाही ‘हाफ’चाच अवतार. तिथं मूळ हवाईयन आणि गोरे अशा घरांतल्या मुलांना ‘हापा हाओले’ म्हणत. पुढं अमेरिकेतल्या अर्ध-आशियाई तरुणांनी ‘हापा’ अभिमानानं उचलला, तर आमचा शब्द आम्हाला न विचारता नेला अशी तक्रार हवाईयन लोकांतून झाली. थायलंडात म्हणतात ‘लुक ख्रुंग’, म्हणजे अर्धं मूल. जपानात काही आईबापांनी ‘हाफू’ नको म्हणून ‘दाबुरु’, म्हणजे डबल, सुचवला. तो सगळ्या मुलांना रुचला नाही. डबल म्हटलं की दोन्ही भाषा अस्खलित आल्या पाहिजेत, दोन्हीकडचे रीतिरिवाज पाठ पाहिजेत. पोराला अर्धं म्हणण्यापेक्षा हे ओझं मोठं.

मराठीत तर अर्ध्याला मुळीच थारा नाही. अर्धवट म्हणजे डोक्यानं कमी, अर्धमेला म्हणजे मरायला टेकलेला, अर्धशिशी म्हणजे डोकेदुखी. ‘दु-’ लावावा तर दुतोंडी, दुटप्पी. ‘दुपदरी’ एक बरा, पण तो दागिन्याला शोभतो.

लेखात, बातमीत, भाषांतरात शब्द हवाच असेल तर ‘मिश्रवंशीय’ वापरा. कोरडा आहे, पण ‘मिश्र’ला आपल्याकडं डाग नाही. मिश्र पिलू, मिश्र काफी हे राग आपण आवडीनं ऐकतो. अडचण ‘वंश’ची. वंशभेदातला वंश वेगळा आणि वंशाच्या दिव्यातला वेगळा. घराणं या अर्थानं घेतलं तर संकेश्वरची मुलगी खानापूरला दिली तरी पोरं मिश्रवंशीयच.

‘अँग्लो-इंडियन’ची गोष्ट इथं सांगण्याजोगी आहे. आधी हा शब्द इथं राहणाऱ्या गोऱ्या साहेबांसाठी होता आणि मिश्र घरांतल्यांना ‘युरेशियन’ म्हणत. १९११ च्या जनगणनेपासून ‘अँग्लो-इंडियन’ सरकारदरबारी या मिश्र घरांतल्यांचा झाला. पुढं राज्यघटनेच्या ३६६व्या अनुच्छेदात व्याख्या आली, ती बापाच्या बाजूनं: पिता किंवा पितृपरंपरेतला कुणी पुरुष युरोपीय वंशाचा हवा. आई युरोपीय आणि बाप इथला असेल तर तेवढ्यानं मूल त्यात बसत नाही. जपाननंही १९८५ पर्यंत नागरिकत्व बापाकडूनच दिलं. तुमची नात तेव्हा जन्मली असती तर जपानी आईची असूनही बापामुळं जपानी ठरली नसती.

कायद्याच्या या सगळ्या प्रश्नांत एक ‘की’ असतो. हे की ते? भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जपानात अठराच्या आत दोन नागरिकत्वं मिळालेल्या मुलाला विसाव्या वर्षापर्यंत एक निवडावं लागतं. २०२२ पर्यंत ही मुदत बावीस होती. टेनिसपटू नाओमी ओसाका हिची आई जपानी, वडील हैतीचे, वाढली अमेरिकेत. तिनं २०१९ मध्ये जपानी नागरिकत्व निवडलं आणि २०२१ मध्ये टोकियोत ऑलिंपिकची ज्योत पेटवली. २०१५ साली जपानची ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेतली प्रतिनिधी म्हणून आरियाना मियामोतो निवडली गेली. तिचे वडील आफ्रिकन-अमेरिकन. ती पुरेशी जपानी दिसत नाही, असं तिच्याच देशातल्यांनी तिला ऐकवलं. अमेरिकेच्या जनगणनेत एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची सोय २००० साली पहिल्यांदा झाली.

हा ‘की’ आपल्याला नवा नाही. मराठी की कन्नड, हे १९५६ पासून ऐकतच आपले केस पिकले. आपल्या जनगणनेत मातृभाषा एकच लिहायची असते. येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद वेगळी होते. आई कन्नडात रागावते नि बाप मराठीत समजूत घालतो, अशा घरातल्यानं त्या रकान्यात काय भरायचं? आणि आपणही कमी नाही. खानापूरच्या रानातल्या सिद्दी माणसाचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आले त्याला शतकं लोटली, तरी एसटीत शेजारी बसलेला त्याला विचारतोच, “तुम्ही कुठल्या देशाचे?”

म्हणून मी नाम-विशेषणांचा नाद सोडून षष्ठीकडं जातो. खेड्यात अनोळखी पोर दिसलं की म्हातारी विचारते, “कुणाची गे तू?” कन्नड म्हातारीही तेच विचारते, “नी यार मगळु?” या प्रश्नाला दोन उत्तरं दिली तर कुणी हरकत घेत नाही. अमक्याची नात, तमक्याची भाची. ‘-चा, -ची, -चे’ कितीही जोडा, माणसाचे तुकडे पडत नाहीत. कुमार गंधर्व घरचे कन्नड, जन्मले आपल्या सुळेभावीत, गाणं शिकले मुंबईत, राहिले देवासला. ते सुळेभावीचे, ते महाराष्ट्राचे, ते माळव्याचे. अर्धे कुठलेच नव्हेत.

तेव्हा कुलवृत्तान्ताचं उत्तर सोपं आहे. तुमच्या नोंदींत प्रत्येक सुनेचं माहेर लिहिलेलं असेलच. निपाणी, अथणी, चंदगड. त्याच रकान्यात लिहा, ‘माहेर: कोबे (जपान)’. नातीपुढं काही लिहायची गरज नाही. आणि नातवंडांना आजोळाचा रकाना असेल तर तिथं कोबे. संपादकांनी त्यात तारांकित टीप देऊ नये, एवढं मात्र बजावा.

राहिला प्रश्न नातीचा. ती सुट्टीला आली की शेजारचं कुणीतरी विचारणारच, “तू जपानी की मराठी?” आपल्या बेळगावी बोलीत दुसरा एक ‘की’ आहे, ठासून सांगायचा: होय की, येतो की, खाल्लं की. तेवढा तिला शिकवून ठेवा. “जपानी की. मराठी की.” दोन्ही वेळा ‘की’ जरा लांबवायचा.