टँकवरची पांढरी रेघ

ऊन तापलं की फिश टँकमधलं पाणी भराभर उतरतं आणि मागे पांढरी रेघ ठेवून जातं. यंदा नाशिकमधून आलेले बरेच प्रश्न ॲक्रिलिक टँकवरच्या या रेघेबद्दलच आहेत.

तीन फुटी ॲक्रिलिक टँक आहे, पाणी बोअरचं. वरच्या कडेला दोन बोटं रुंद थर बसलाय. काचेच्या टँकवर ब्लेड चालवायचो, इथे चालेल का? (पाथर्डी फाटा)

ब्लेड आधी खाली ठेवा. ॲक्रिलिक म्हणजे काचेसारखं दिसणारं प्लास्टिक, ते काचेपेक्षा खूप मऊ असतं, तारेची घासणी आणि टूथपेस्टसुद्धा त्याला ओरबाडते. ज्या पाण्यात तुमच्याकडे तूरडाळ शिजत नाही, त्याच पाण्यातला हा चुना आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याला जोर नको, आंबट हवं.

थराच्या खाली चार बोटं जाईल इतकं पाणी उपसा. टिश्यू पेपर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून थरावर चिकटवा आणि वाळू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा. अर्धा तास हात लावायचा नाही. कड उचलून पाहिलंत तर बारीक बुडबुडे दिसतील. चुना विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच हा. मग मऊ पडलेला थर गुळगुळीत प्लास्टिक कार्डाने हलकेच सरकवा आणि स्वच्छ सुती फडक्याने पुसा. वर्षभराचा थर एका बैठकीत निघत नाही, तीन-चार वेळा हेच करावं लागतं. दोन-चार थेंब आत पडले तर बोअरच्या जड पाण्याला काही होत नाही, पण वाटीभर ओतू नका. पाण्याचा पीएच एकदम खाली आला, म्हणजे पाणी अचानक आंबट झालं, तर मासे तडफडतात.

फडकं टँकच्या तळाला कधीही टेकवू नका. माझ्या पहिल्या टँकच्या वेळी स्पंजात वाळूचा एकच कण अडकला आणि एका हातासरशी वीतभर रेघ उमटली. ती अजून आहे. पाहुणे केस चिकटलाय समजून पुसायला जातात.

व्हिनेगर लावून पाहिलं, डाग हलत नाही. आधी काच पुसायचा निळा स्प्रे वापरत होतो. (गंगापूर रोड)

कोरड्या डागावर व्हिनेगरचा एक थेंब टाका. फसफसला तर चुना आहे, फक्त वेळ कमी पडतोय. फसफसला नाही तर नख फिरवून बघा. उंचवटा लागला तर सिलिका, म्हणजे वाळूतलंच खनिज, असू शकते. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरच्या पाण्यात ती उतरते आणि व्हिनेगरला दाद देत नाही. खाच लागली तर ओरखडा. नखाला काहीच लागलं नाही, पण टॉर्च तिरपा धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा चमकल्या, तर मला त्या स्प्रेचाच संशय येतो. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या क्लीनरने ॲक्रिलिकला अशा भेगा पडतात. त्या धुऊन जात नाहीत. जोडाजवळ दिसल्या तर टँक भरण्याआधी जाणकाराला दाखवा.

आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी बादलीत साठवून टँकमध्ये घालतो. पाण्याची बचत होते, तरी डाग वाढतायत. (इंदिरानगर)

बचतीचा हेतू चांगला, बादली चुकीची! आरओने गाळलेले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यातच असतात. त्याने फरशी पुसा. टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार आतच राहतात. म्हणून आटलेलं पाणी आरओच्या शुद्ध पाण्याने भरून काढा. मात्र आठवड्याला पाणी बदलताना निव्वळ आरओ वापरू नका, माशांना थोडे क्षार लागतात. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन काढून घ्या.

टँक रिकामा आहे. उकळतं पाणी आणि टॉयलेट क्लीनर चालेल का? (पंचवटी)

दोन्ही नको. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकतं, आणि क्लीनरचा अंश राहिला तर पुढचे मासे त्याची किंमत मोजतात. पाव लिटर कोमट पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व विरघळवा आणि वरच्यासारखंच पेपरने लावा. नंतर दोन-तीनदा भरून ओतून द्या.

डाग गेला, ओरखडे उरले. (देवळाली)

रिकाम्या टँकमध्ये १५००, २००० आणि मग ३००० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर), सतत ओला ठेवून. शेवटी प्लास्टिकचं पॉलिश, आणि ते पूर्ण धुऊन काढायचं. आधी एखाद्या मागच्या कोपऱ्यावर हात बसवून घ्या. पहिल्या पेपरनंतर सगळं धुरकट दिसतं, तिथे घाबरून थांबू नका.